वैऱ्याची मुदत

'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण लहानपणापासून इतक्या वेळा कानांवरून गेली आहे, की तिच्यात विचार करण्याजोगे काही शिल्लक असेल असे मला कधी वाटले नव्हते. परंतु अलीकडे रात्री दिवा मालवल्यावर शरीर निद्रेची वाट पाहत असते आणि मन उद्याचे, परवाचे आणि कदाचित कधीच न उगवणाऱ्या दिवसांचे दप्तर उघडून बसते, तेव्हा ती आपण होऊन समोर येते आणि हलता हलत नाही. समोर असलेल्या क्षणात राहावे, हातातल्या कामात असावे, हा उपदेश हल्ली पुष्कळ ऐकू येतो, आणि तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मात्र त्या उपदेशापेक्षा मला या म्हणीतल्या एका माणसाने अधिक गुंतवून ठेवले आहे. तो माणूस म्हणजे वैरी. मनाच्या क्रौर्याचे माप काढायचे, तर म्हण रचणाऱ्याने रोग, दुष्काळ, पिशाच ही सर्व मापे बाजूला ठेवून वैऱ्याचेच माप का घ्यावे?

वैरी झाला तरी तो माणूस असतो. त्याला शिबंदी पोसावी लागते, कर्ज फेडावे लागते, आणि पावसाळा तोंडावर आला की मोहिमेचा निकाल लावावा लागतो. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी बसले, की समोर वसईची खाडी पसरलेली दिसते, डावीकडे पाणजू बेटावरून नायगावकडे जाणारे रेल्वेचे पूल दिसतात. आणि त्यांच्याही पलीकडे, जिथे दृष्टी पोहोचत नाही, त्या खाडीच्या मुखाशी दक्षिणेस धारावीचा डोंगर आणि उत्तरेस वसईचा कोट आहे. १५३४ पासून हा मुलूख पोर्तुगिजांकडे होता. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने आधी धारावी घेतली, खाडीचे तोंड आवळले, आणि मग वसईच्या तटाखाली सुरुंग भरले. कोटाच्या आत त्या दिवसांत एखादी स्त्री असेल. तिचे नाव, गाव मला ठाऊक नाही; पण सुरुंग उडाला की भिंतीवरची माती भांड्यांत पडत असेल, मूल दचकून उठत असेल, आणि कोट पडल्यावर आपले काय होईल, याची चित्रे तिच्या मनाने रोज रात्री, एकाहून एक भीषण, रंगविली असतील. मे महिन्यात तह झाला. त्याच्या कलमांनी किल्ल्यातल्या लोकांना हत्यारांसह, निशाणे फडकवीत, बायकामुले आणि जंगम मालमत्ता घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली, आणि त्यासाठी आठ दिवसांची मुदत दिली. म्हणजे त्या स्त्रीला आपली भांडीसुद्धा नेता आली असतील. तिच्या मनाने जे चिंतले होते, ते वैऱ्याने चिंतले नाही.

या आठ दिवसांपाशी मी पुनःपुन्हा येऊन थांबतो. वैऱ्याशी तह होतो. तहाला कलमे असतात, कलमांना मुदत असते, आणि मुदत संपली की दोन्ही पक्ष आपापल्या वाटेने जातात. मनाच्या दरबारी मात्र कोणताही करार दाखल होत नाही, एक भय निकालात काढले की त्याच जागेवर दुसरे रुजू होते. मला वाटते, म्हण रचणाऱ्याला हेच सांगायचे असावे: वैर कितीही कडवे असले तरी ते कुठेतरी संपते.

इथेच थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु भाईंदरमध्ये राहून ११ जुलै २००६ ची संध्याकाळ विसरून चालत नाही. पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांमध्ये, काही मिनिटांच्या आत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली, आणि त्यांतला एक स्फोट मीरा रोड आणि भाईंदर यांच्या दरम्यान झाला. त्या संध्याकाळी ज्या घरांत कणीक मळून ठेवलेली होती, त्या घरांतल्या कोणाच्याही मनाने जे चिंतले नव्हते, ते वैऱ्याने गाड्यांच्या वेळांसकट चिंतलेले होते. म्हण त्या दिवशी उलटी झाली. तेव्हापासून, मुलगा नेहमीच्या गाडीने आला नाही आणि त्याचा फोनही लागत नाही, अशा वेळी खिडकीशी उभ्या राहणाऱ्या आईला 'उगाच विचार करत बसू नका' असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती ज्याच्याविषयी वाईटसाईट चिंतत असते, तो तिच्या जिवाचा तुकडा असतो. परक्यासाठी मन एवढे कष्ट घेतच नाही. मग ज्याला आपण मनातला वैरी म्हणतो, ती मायाच वेश पालटून बसलेली असते की काय?

शिवाय पुढचे चिंतणे हा या गावाचा जुना रोजगार आहे. इथली मिठागरे आता बरीचशी इमारतींखाली गेली, पण आगरी माणसाचे डोके पंधरवड्यापुढच्या उधाणात असे. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीचे पाणी आगरात घ्यायचे, वाफ्यावाफ्यांतून सरकवीत उन्हावर आटवायचे, आणि मीठ धरल्यावर उरलेले पाणी फार आटू द्यायचे नाही, कारण मग मॅग्नेशियमचे क्षार उतरून मीठ कडवट होते. त्याला परवाची भरती आणि आजचा वाफा दोन्ही एकदम पाहावे लागत. अवकाळी पावसाची धास्ती त्याने सोडून दिली असती, तर घरात चूल पेटली नसती.

क्षणात राहण्याच्या त्या उपदेशाची जागाही जवळच आहे: उत्तनच्या बाजूने गोराईला गेले, की सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेने उभारलेला विपश्यना पॅगोडा आहे. त्याच्या घुमटाला आत एकही खांब नाही आणि त्याखाली सुमारे ८००० माणसे श्वासाकडे लक्ष लावून एकत्र बसू शकतात. त्या साधनेविषयी माझ्या मनात आदर आहे. पण माझी अडचण मांडी मोडून उठल्यानंतरची आहे.

भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे एक गृहस्थ मी पाहिले. मोटरवर कापडी चाक गरगरत होते, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, भुवयांवर काळी भुकटी बसली होती, आणि वाटीची कड ते चाकाला अशी लावीत की केसभर कोन चुकला तर वाटी हातातून हिसकली जाईल. एकाग्रता म्हणतात ती हीच, असे मला वाटले. चाक थांबल्यावर मी विचारले, "काका, दिवसभर मन एका जागी कसं धरता?"

"मन कुठं धरतोय?" ते म्हणाले. "ते गावाकडं असतं. थोरलीचं लग्न, बांधाचा तंटा, सगळं इथं उभ्या उभ्या बघतो. वाटी हाताला कळते. मन मधे घातलं, की बोट गेलंच समजा."

हे ऐकल्यापासून माझी उरलीसुरली खात्रीही डळमळली आहे. मनाला आवरून समोरच्या कामाशी आणून बसवावे, एवढे तरी निर्विवाद आहे, अशी माझी समजूत होती; इथे तर मन दूर गेले म्हणून काम नीट चालले होते, आणि ते दूर गेले होते तेही चिंता करायलाच. कदाचित वर्षानुवर्षांच्या सवयीने शहाण्या झालेल्या हातांपुरतीच ही गोष्ट खरी असेल. कदाचित त्यांचे बोट एकदा गेले असते तर त्यांनी मला निराळेच काही सांगितले असते. थोरलीच्या लग्नाची काळजी त्यांनी गाळ्याबाहेर ठेवली असती तर ती वाटी अधिक उजळली असती की कमी, हे मला सांगता येत नाही.