जेम्सटाउनची भूक

जेम्सटाउनचं नाव निघालं की मी ठरलेली गोष्ट सांगायचो. 1607 च्या मे महिन्यात इंग्लंडच्या व्हर्जिनिया कंपनीची 104 माणसं अमेरिकेत जेम्स नदीकाठच्या दलदलीत वसाहत करायला उतरली. त्यातली निम्म्याच्या आसपास खानदानी घरची, अंगमेहनतीची सवय नसलेली. सोनं शोधत फिरली, शेताकडे पाहिलं नाही, उपाशी मेली. मग कॅप्टन जॉन स्मिथनं ‘काम करेल त्यालाच जेवण’ असा दंडक घातला आणि वसाहत तगली.

आता मी ती गोष्ट तशी सांगत नाही. मला विचार करायला लावलं ते झाडांनी. त्या भागातल्या जुन्या सायप्रस वृक्षांच्या वलयांचा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊस झाला की वलय रुंद, पावसानं ओढ दिली की अरुंद. 1606 ते 1612 ही सात वर्षं तिथल्या 770 वर्षांतली सर्वांत कोरडी निघाली. नदीचं पाणी आटलं की भरतीचं खारं पाणी वर चढतं. ही माणसं तेच पीत होती. अंगाला सूज, हगवण, ताप. जानेवारी 1608 पर्यंत 38 जण उरले. आळस हे त्याचं कारण म्हणून मला आता पुरत नाही.

आणि दुष्काळ काही एकट्या इंग्रजांवर आला नव्हता. तिथल्या मूळच्या पोव्हाटन लोकांचा मकाही त्याच उन्हात करपत होता. तांब्याच्या तुकड्यांच्या बदल्यात इंग्रज तो मका मागत, मिळाला नाही की बंदुकीच्या धाकानं उचलत. स्मिथही त्यात होता. आळशी उमरावांच्या गोष्टीत हा मका कुणाच्या तोंडचा होता, हा प्रश्नच येत नाही. माझा खरा आक्षेप तिथे आहे.

1609 च्या हिवाळ्यात पोव्हाटनांनी जेम्सटाउनच्या किल्ल्याला वेढा घातला. स्मिथ तेव्हा जखमी होऊन इंग्लंडला परतलेला होता. आत लोकांनी घोडे, कुत्री, उंदीर खाल्ले. 2012 मध्ये तिथल्या उत्खननात साधारण 14 वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी सापडली. कपाळावर चार उथळ घाव, मरणानंतर घातलेले, मांसासाठी. वसंतात 60 च्या आसपास माणसं जिवंत होती. त्या मुलीबद्दल वाचल्यापासून ‘कामचुकार’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

पण त्या भुकेनं पुढचं काहीही माफ होतं असं मला वाटत नाही. पाऊस परतला, वसाहतीतल्या जॉन रॉल्फची तंबाखू लंडनच्या बाजारात खपू लागली, आणि 1616 मध्ये गव्हर्नर डेलला आधी दोन एकर मका पेरण्याची सक्ती करावी लागली, कारण जो तो तंबाखूच लावत होता. तंबाखू जमिनीचा कस खाते. दर काही वर्षांनी नवी जमीन हवी, आणि ती पोव्हाटनांचीच. मार्च 1622 मध्ये पोव्हाटनांचा प्रमुख ओपेचनकनो याच्या माणसांनी एका सकाळी वस्त्यांवर हल्ला करून 347 इंग्रज मारले. त्यानंतर इंग्रजांनी वर्षानुवर्षं त्यांची उभी मक्याची शेतं जाळली.