आभाळात न पाठवलेले

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की आमच्या असोद्यात दारोदारी त्या त्या घराचा इतिहास उन्हात पसरलेला दिसतो. गाद्या, पितळेचे हंडे, मोडकी खुर्ची, आजोबांची छत्री, कोणाच्या तरी बारशातले पाळण्याचे खेळणे. पण प्रत्येक घरात एखादे गाठोडे असे असतेच, की ते उन्हात येत नाही. घरातली बाई ते माळ्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवते, खालची धूळ झाडते आणि पुन्हा होते तिथे ठेवून देते. त्यात काय आहे, हे कोणी विचारत नाही. विचारू नये, एवढे शहाणपण घरातल्या लहानग्यांनाही असते.

गेल्या वर्षी मला घराबरोबर लॅपटॉपचीही सफाई करावी लागली. पुण्याचा पुतण्या चार दिवस आधी आला होता. त्याने यंत्र उघडून पाहिले आणि वैद्याने नाडी धरून मान हलवावी तशी मान हलवली.

“काकू, हा तुडुंब भरलाय. आता सगळं क्लाउडमध्ये टाकू.”

त्याने ‘घर’ नावाचा एक फोल्डर केला. त्यात जे ठेवावे ते आपोआप वर जाते, आणि वरून कुटुंबातल्या साऱ्यांच्या यंत्रांत उतरते. नाशिकचे भाऊजी, सुरतेला असलेला अक्कांचा मुलगा, पुण्याची मंडळी, सगळ्यांचे मिळून एकच कपाट. मला कल्पना फार आवडली. वाटण्या झाल्यावर एवढ्या वर्षांनी आमचे घर पुन्हा एकत्र नांदणार होते, मग ते आभाळात का होईना! फुकटात जागा मिळते १५ जीबी. पण त्यातच टपाल आणि तेच फोटोंचेही घर. पुतण्याच्या स्वतःच्या हळदीच्या चित्रफितींनीच ९ जीबी अडवले होते.

माझ्याकडे वर पाठवण्याजोगे म्हणजे सासूबाईंची गाणी. तीन हिवाळे त्यांच्यापाशी बसून मी ती फोनवर टिपून घेतली होती. जाते कधीच परसात जाऊन पडलेले. पण त्या हाताने हवेत खुंटा फिरवीत आणि त्या लयीत गात. एका मिनिटाच्या आवाजाला साधारण एक एमबी जागा लागते. सासूबाईंची सगळी मिळून ४६ गाणी झाली, नऊएक तासांची. म्हणजे शहाऐंशी वर्षांचे आयुष्य अर्ध्या जीबीत मावले. पुतण्याची हळद त्याच्या अठरा पट भरली! मी हे त्याला सांगितले, तेव्हा तो जरासा ओशाळला.

मात्र त्या ४६ गाण्यांत एक असे होते, की ते म्हणून झाल्यावर सासूबाईंनी माझा हात धरला होता. “हे घरातच राहू दे माय. बाहीर नको जाऊ दे.”

म्हणून मी त्या एका गाण्याचा वेगळा फोल्डर केला. पुतण्याने दाखवले होते, की सगळेच फोल्डर आणायचे नसतील तर यादीत नको त्याच्यापुढची खूण काढायची. मी खूण काढली. क्षणात तो फोल्डर लॅपटॉपवरून नाहीसा झाला. माझ्या काळजाचे पाणी झाले. ओरडूनच त्याला हाक मारली.

तो शांतपणे म्हणाला, “काकू, खूण काढली म्हणजे ‘या यंत्रावर नको’ एवढंच. वर ते आहेच की.”

म्हणजे मी जे केले ते नेमके उलटे झाले होते! जे घरात राहावे आणि बाहेर जाऊ नये, ते घरातून गेले होते आणि बाहेर साऱ्यांसाठी उघडे राहिले होते. पुतण्याने मग मला धडा दिला, आणि तो मी वहीत लिहून ठेवला. खूण काढली की जागा आपल्याकडची मोकळी होते; वस्तू वर राहते. आपल्याकडे ठेवून वर पाठवायचीच नसेल, तर ती त्या सामाईक फोल्डरच्या बाहेरच ठेवली पाहिजे. आणि फोल्डरमध्ये राहून एखादी गोष्ट पुसली, तर ती एकाची नाही, सगळ्यांचीच पुसली जाते. वरच्या कचरापेटीत महिनाभर पडून राहते आणि मग कायमची जाते. क्लाउड म्हणजे कोठार नव्हे, आरसा आहे. आपण तोंड पुसले की आरशातलेही पुसले जाते.

खूण पुन्हा केली, गाणे खाली उतरले, ते ‘घर’मधून काढून बाहेर ठेवले. पुतण्याने कचरापेटीही रिकामी केली. त्यात काय आहे, हे मात्र त्याने विचारले नाही. माळ्यावरच्या गाठोड्याचे शहाणपण पुण्यात राहूनही त्याने सोडलेले नव्हते. एवढेच म्हणाला, “आता हे जगात एका ठिकाणीच आहे बरं. डिस्क गेली की गेलं.”

त्या रात्री मला झोप लागेना. मी राहते ते गाव बहिणाबाईंचे. १८८० साली त्या इथे महाजनांच्या घरी जन्मल्या, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधऱ्यांच्या सून झाल्या. त्यांना अक्षर येत नव्हते. शेतात, घरोट्यावर जे सुचले ते त्या गात गेल्या. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ऐकले तेवढे टिपून ठेवले. बाकीचे वाऱ्यावर गेले. १९५१च्या डिसेंबरात त्या वारल्या. मग ते टिपण आचार्य अत्र्यांच्या हाती पडले आणि १९५२ साली पुस्तक निघाले. ते टिपण घरातच राहिले असते तर? २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले गेले, त्या बाईंचे नाव गल्लीच्या टोकापर्यंतही पोचले नसते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या उरल्या. सारी दुनिया सांगते, की गाणे बाहेर काढा. आणि मी मात्र एक गाणे कडीकुलपात घालून बसले होते!

पण ज्यांनी ओव्या दिल्या त्यांनी त्या द्यायच्या म्हणून दिल्या. माझ्या सासूबाईंनी हात धरून सांगितले होते. मी उठले, एका पेनड्राइव्हवर त्याची प्रत केली आणि सासूबाईंच्या कुंकवाच्या डब्यात घालून तो डबा लोखंडी कपाटात ठेवला. एवढ्याने मनाचे समाधान झाले असते. पण भाऊबीजेला अक्का आल्या.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा असे जेवण झाले आणि त्या म्हणाल्या, “आईची गाणी मुलाने फोनमध्ये दिली बरं का. पंचेचाळीस आहेत. तू तर सेहेचाळीस म्हणाली होतीस.”

मी गप्प बसले. ते गाणे अक्कांविषयीच होते.

अक्का हुशार होत्या. चौथी झाली आणि त्यांची शाळा सुटली. कशी सुटली, ते त्या नातवंडांना हसत हसत सांगत: पाटी हरवली, नवी घ्यायला पैसे नव्हते, झाले! सासूबाई तेव्हा उठून आत जात. त्या गाण्यात त्यांनी म्हटले होते, की पाटी हरवली नव्हती. दोघा भावांना शिकवायचे तर घरात हाताखाली मुलगी हवी होती. म्हणून ती पाटी त्यांनीच धान्याच्या कोठीमागे लपवली होती. पुढे सगळी माफीच होती.

‘बाहीर नको जाऊ दे.’ पण लग्न झालेली लेक बाहेरची का? आपण लेकीला परक्याचे धन म्हणत आलो, आणि माहेरच्या कुठल्याच यादीत तिच्यापुढे खूण ठेवली नाही. सासूबाईंना ‘बाहीर’ म्हणजे काय म्हणायचे होते, हे विचारायला आता त्या नव्हत्या. मग मीच ठरवले. मी दार लोटून घेतले, कपाट उघडले आणि डबा काढला.

अक्कांनी डोळे मिटून ऐकले. गाणे संपले तरी त्यांचा हात मांडीवर जात्याच्या लयीत फिरतच होता. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “मला ठाऊक होतं गं. दुसऱ्याच दिवशी झाडताना दिसली होती ती पाटी. पुन्हा तिथेच ठेवली. आईला वाईट वाटलं असतं.”

साठ वर्षे दोघींनी एकच गाठोडे दोन टोकांनी धरून ठेवले होते, आणि दोघींनाही वाटत होते, की ते आपल्या एकटीपाशीच आहे.

मी डोळे पुसून विचारले, “अक्का, तुमच्या फोनमध्ये घालून देऊ?”

“नको,” त्या म्हणाल्या. “आई गेली, आता माहेरी यायचं काय निमित्त, असं वाटायला लागलं होतं. हे इथंच असू दे. मी ऐकायला येत जाईन.”

या दिवाळीलाही घर झाडून झाले आहे. कपाट पुसताना तो डबा मी उचलला, खालची धूळ झाडली आणि पुन्हा होता तिथे ठेवला. भाऊबीजेला अक्का येणार आहेत.