दुखत नाही ना?

आमच्या चांदवडच्या बायका मोठ्या सोशीक. कांद्याच्या खळ्यावर दिवसभर वाकून पाठ दुखली तर शेजारणीला चारदा सांगतील. पण छातीत गाठ लागली, तर नवऱ्यालाही नाही. त्यातून ती दुखत नसली म्हणजे मग विचारायलाच नको!

माझ्या मावशीचे तसेच झाले. न्हाताना तिच्या हाताला हरभऱ्याएवढी गाठ लागली. “दुखत नाही ना? मग राहू दे,” असे स्वतःशीच म्हणत तिने आठ महिने काढले. मला सांगितले तेव्हा वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती, स्तनाग्र आत ओढले गेले होते. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “केव्हापासून?” मावशीने मान खाली घातली. दोन वर्षांत ती गेली.

कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हीच त्या रोगाची लबाडी. म्हणून प्रत्येक गाठ कर्करोगाचीच, असेही नव्हे. पुष्कळशा निरुपद्रवी निघतात. पण ते आपण चाचपून ठरवायचे नसते. त्यासाठी सुईने तुकडा काढून तपासावा लागतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली एक मोठे काम हाती घेतले. झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाख बायका; त्यांतल्या निम्म्यांचे स्तन दर दोन वर्षांनी तपासले. यंत्र नाही, डॉक्टरही नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांचे नुसते हात! २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. त्याहून तरुण बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

सरकारी कार्यक्रमात आता तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी होते. आमच्या जाऊबाई चोपन्न वर्षांच्या. सेविका घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, “इश्श! या वयात काय दाखवायचं?” मी म्हटले, “अहो, बाईच आहे ती. आणि मावशीला विसरलात का?” मग मुकाट्याने आत गेल्या. काखेच्या बाजूला सुपारीएवढी गाठ निघाली. नाशिकला शस्त्रक्रिया झाली. स्तन काढावा लागला नाही. गाठ तेवढी काढली, मग किरणोपचार झाले.

परवापासून चकल्यांची भाजणी त्याच भाजताहेत. मला हात लावू देत नाहीत. रोजची गोळी मात्र पाच वर्षे घ्यायची आहे, आणि ती त्या हमखास विसरतात. म्हणून डबी मी देवघरात, निरांजनाशेजारी ठेवली आहे.