पहिल्या सेकंदाचा श्वास

आमचे आबा बिडीला कधी शिवले नाहीत. तरी साठीच्या आतच जोतिबाच्या पायऱ्यांवर ते मधेच टेकायचे. "वय झालं, दम लागायचाच," असं घरात सगळे म्हणायचे. कोल्हापूरजवळच्या गुऱ्हाळावर त्यांनी पंचवीस हंगाम चुलवाणात चिपाडं सारली होती. ते कुणीच या दमाशी जोडलं नाही.

गेल्या वर्षी त्यांची स्पायरोमेट्री केली. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात फुंकत राहायचं. फुंकलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली, ते बघतात. नळ्या मोकळ्या करणारं औषध देऊनही हा वाटा ७० टक्क्यांखाली राहिला, तर सीओपीडीकडे बोट जातं. आबांचा ५१ आला.

मग मी वाचत सुटले. १९७७ साली फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनच्या कामगारांच्या आठ वर्षांच्या नोंदी मांडल्या. फुप्फुसाची ताकद वयानुसार सगळ्यांचीच घटते, काही सिगारेट ओढणाऱ्यांची मात्र फार वेगाने. सिगारेट सोडली की घसरण मंदावते, पण गेलेलं परत येत नाही. आणि बरंच गमावेपर्यंत दमही लागत नाही.

यात आबा कुठे? ते सापडले २००९च्या 'लॅन्सेट'मध्ये. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांचा अंदाज होता की, सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. चुलीचा धूर, कामावरची धूळ यांचंही ते देणं असतं.

२०१५च्या एका अभ्यासाने मात्र मला माझ्याकडे बघायला लावलं. त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांची ताकद झपाट्याने घटलेली नव्हतीच, ती तरुणपणीच कमी होती. फुप्फुसं विशीत भरात असतात. मी चोवीस वर्षांची आहे आणि पाढे पाठ केलेत ते आईच्या चुलीशेजारी बसून.

मीही फुंकून आले. आकडा चांगला आहे, पण एका आकड्यावरून उतार कळत नाही. काही वर्षांनी पुन्हा मोजायचं, म्हणून रिपोर्ट जपून ठेवलाय.

आता आईची पाळी. स्वयंपाक गॅसवर होतो, पण अंघोळीचं पाणी अजून परड्यातल्या चुलीवरच तापतं. "मला काय धाड भरलीय?" म्हणते. काहीच होत नाही तेव्हाच मोजायचं असतं, हे तिला पटवतेय.