गाडी कोणाची हलली?



नागपूर स्टेशनवर डब्यात बसलेलो असतो. शेजारची गाडी हलते आणि आपलीच सुटली असे वाटते. फलाटाचा खांब दिसला की भ्रम फिटतो. पुढे आपण विचारतो, "वर्धा आलं का?" वर्धा कुठून येणार? आपणच जात असतो. पण डब्यातून मोजले तर तेही चूक नाही. गती कशाच्या तरी सापेक्षच मोजावी लागते. जिथून मोजतो, त्याला भौतिकशास्त्रात संदर्भचौकट म्हणतात.

हे आम्हाला पाठ होते. तरी दीक्षाभूमीवर आम्ही चुकलो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी आम्ही पुस्तकांच्या स्टॉलवर होतो. खेड्यातून आलेल्या एका आजीच्या नातीच्या मनगटावर मंतरलेला दोरा दिसला. आम्ही लगेच बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या, आवाज चढवून. आजी शांतपणे म्हणाली, "बापू, पोरगी तापानं फणफणत होती. दवाखाना वीस किलोमीटर. राती कोन आलं? दोरा बांधनाराच आला."

आम्ही गप्प झालो.

मग काय, ज्याचे त्याचे खरे? मुळीच नाही. गॅलिलिओपासून आइनस्टाइनच्या १९०५ च्या सिद्धांतापर्यंत भौतिकशास्त्र सांगते की, एकसमान गतीने चाललेल्या चौकटी बदलल्या तर मोजमाप बदलते, निसर्गाचा नियम बदलत नाही. दोऱ्याने ताप उतरत नाही, हे आजीच्या गावातही खरे आणि आमच्या स्टॉलवरही खरे. पण आजी तापापासून मोजत होती आणि आम्ही पुस्तकापासून. कागदावर चौकट बदलायला एक सूत्र पुरते. माणसाच्या चौकटीत मात्र भीती, भाकर आणि नातीगोती असतात.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला, तेव्हा माणसाचे अंतर अजून मंदिरापासून मोजले जात होते. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची, संघटनेची आणि तयारीची होती. त्या दिवशी लाखो लोकांनी मोजण्याची जागाच बदलली. आता प्रश्न "आम्ही किती खाली?" हा नव्हता, "माणूस म्हणून कसे जगायचे?" हा होता. बावीस प्रतिज्ञांत नकार आहे, तसा पंचशील आणि अष्टांगमार्गाचा स्वीकारही आहे. आम्ही आजीला फक्त नकार दिला होता.

त्या संध्याकाळी आम्ही आजीजवळ जाऊन बसलो. गावात आशाताई येते का, रात्री वाहन मिळते का, १०८ ची रुग्णवाहिका माहीत आहे का, असे विचारले. तिच्या नातीच्या वहीत नंबर लिहून दिला. दोऱ्याचा विषय काढला नाही.

कार्यकर्त्यांनो, दुसऱ्याचा दोरा तोडण्याआधी एकदा त्याच्या डब्यात बसून बाहेर पाहा. मग आपल्या खिडकीतून काय दिसते ते त्याला दाखवा. दवाखान्याचा रस्ता दाखवलात, तर दोरा तो स्वतःच सोडेल.

जय भीम!