कुणाचं तरी हाड

दीड महिना इथे काही लिहिलं नाही, कारण उजवा हात झोळीत होता. आजही डाव्या हाताने टाईप करतेय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी!

तर झालं असं. काही वर्षांपूर्वी गरवारे पॉइंटजवळ स्कूटरवरून पडले आणि खांदा निखळला. मग तो निखळतच राहिला. वेणी घालताना, अंबडच्या ऑफिसात कपाटावरची फाईल काढताना... माझंच हाड वापरून केलेलं एक ऑपरेशनही टिकलं नाही. खांद्याच्या वाटीची कड झिजत गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता दात्याचं हाड बसवू.

आईने लगेच विचारलं, "कुणाचं गं?"

माझी भीती वेगळी होती. काकांना बसवलेली किडनी त्यांच्या शरीराने नाकारली होती. ते दिवस मी पाहिलेत.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. किडनी जिवंत पेशींसकट बसवतात. हाडाचं तसं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे. अशा ठिकाणी हाडातलं रक्त आणि मज्जा धुऊन काढतात, ते गोठवून सुकवतात, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. शरीर ज्यांना परकं समजून भांडतं, त्या पेशी बहुतेक निघून जातात. म्हणून काकांसारख्या रोजच्या गोळ्या लागत नाहीत.

"म्हणजे शरीराला कळतच नाही?"

"कळतं की! काहींच्या रक्तात त्याविरुद्ध अँटीबॉडीज सापडतात. पण त्यामुळे हाड जुळतच नाही, असं दिसत नाही."

ते हाड म्हणजे घर बांधतानाची परांची. माझ्या पेशी ते हळूहळू पोखरणार आणि तिथे माझं हाड रचणार. भीती एवढीच, की पोखरणं रचण्याच्या पुढे जायला नको. तसंही होतं कधीकधी. माझं काय झालं, ते सीटी स्कॅनमध्ये कळेल.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर? नाव कुणी सांगत नाही. एवढंच कळलं, की खुब्याचा सांधा बदलताना काढलेला तो मांडीच्या हाडाचा गोळा होता. म्हणजे देणारं माणूस कदाचित आज नव्या खुब्यावर चालत असेल!

आई ऐकून गप्प झाली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना पुटपुटली, "ज्याचं कुणाचं असेल, त्याचे पाय धड राहू देत."

मीही डाव्या हातानेच नमस्कार केला.