एकलहऱ्याच्या वाटेवरील भूछत्रें

नाशिकरोडच्या पूर्वेस गोदावरीकांठीं वसलेलें एकलहरें हल्लीं औष्णिक वीजकेंद्रामुळें ओळखलें जातें. १९७० च्या सुमारास तें चालू झाल्यापासून पाहुण्यांचें लक्ष धुराड्यांकडेच प्रथम जातें. परंतु श्रावणांत चार दिवस झड लागून ऊन पडलें, कीं येथें मान खालीं घालून चालावें. बाभळी-निंबांच्या झाडोऱ्यांत (यास वन म्हणणें थोडें धाडसाचेंच!) भूछत्रें उगवलेलीं असतात.

आमच्या समाजास या वस्तूचा परिचय बेताचाच. मनुस्मृतीनें कवकांस लसूण-कांद्याच्या पंक्तीस बसवून द्विजांस अभक्ष्य ठरविलें. पुढें कांदा स्वयंपाकघरांत शिरला, तरी ‘कुत्र्याची छत्री’ बाहेरच राहिली.

यंदा आम्ही गेलों तेव्हां मुलांनीं दोन प्रकारचीं भूछत्रें आणलीं, आणि दोन्ही पांढरीं म्हणून दोन्ही अळंबीच, असा निकाल देऊन भाजीचा बेतहि ठरविला.

पहिलें वारुळापाशीं सांपडलें होतें. छत्रीच्या मध्यावर टोंकदार उंचवटा. आणि हलक्या हातानें माती उकरतां दांडा मुळासारखा निमुळता होत वीतभर खालीं गेलेला. ही वाळवीची अळंबी. गोव्यांत वारुळास रोण म्हणतात, म्हणून तेथें हिचें नांव रोण अळमी. वाळवी लाकूड व वाळलेलें गवत चावून आणते, जमिनीखालीं त्याचा स्पंजासारखा सच्छिद्र मळा रचते, आणि त्यावर ही बुरशी वाढविते. लाकडांतील पचण्यास जड भाग बुरशीनें मोडला, कीं तो वाळवीच्या उपयोगीं पडतो. मनुष्यास ही शेती व्यापारी प्रमाणावर अद्याप साधलेली नाहीं. वाळवी ती कोट्यवधि वर्षें करीत आहे.

दुसरें उघड्या गवतांतलें: पांढऱ्या छत्रीवर तपकिरी खवले, दांड्यास कंकण. संशय आला, म्हणून भाजी राहूं दिली. दांडे कापून बाजूस जपले, छत्र्या कागदावर पालथ्या ठेवल्या व वर भांडीं झांकलीं. लसूण काळी पडते का पाहावें, रुप्याचें नाणें टाकावें, असल्या परीक्षा व्यर्थ होत. ‘अमानिता’ कुळांतील कांहीं जातींचें विष शिजवूनहि जात नाहीं. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधीं त्याहून अधिक, मनुष्य स्वस्थ असतो. मग वांत्या-जुलाब होतात, ते ओसरल्यासारखे वाटतात, आणि आंत यकृताचा नाश चालूच असतो. या कुळाची एक मोठी खूण म्हणजे दांड्याच्या बुडाशीं असलेली पिशवी. ती बहुधा मातींत दडलेली असते. वरच्यावर खुडणारास ती दिसावी कशी?

सकाळीं वारुळाकडील अळंबीचा ठसा फिकट गुलाबी उमटला होता. दुसरीचा मळकट हिरवा. ती ‘क्लोरोफायलम’; वांत्या-जुलाबांनीं घर हैराण करणारी. मुलें कागदाकडे पाहतच राहिलीं.

पहिलीहि चुलीवर न चढवितां आम्हीं गांवांतील एका वृद्ध बाईंस नेऊन दाखविली. रानांत त्यांचा जन्म गेलेला. त्यांनीं छत्री उलटून पाहिली आणि विचारलें, “हिचं बूड कुठं हाय?” जपून ठेवलेला लांब दांडा पुढें केला, तेव्हांच त्यांची मान हलली.